हवालदाराची दिव्यदृष्टी

त्या रविवारी सकाळी बँकवाल्यांच्या दिवाणखान्यात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. इमारतीतली झाडून सगळी माणसं भिंतींना चिकटून उभी होती, आणि सगळ्यांचे डोळे एका कुत्र्यावर खिळले होते. कुत्रा म्हातारा, रंगाने चहासारखा, नाव हवालदार. त्याच्या गळ्यात लाल गोंड्याचा पट्टा होता आणि पट्ट्याची दोरी टिंगटिंग सरांच्या हातात.

"शांतता!" सर कुजबुजले. "आपल्याला दिसतं ते नुसतं फर्निचर. प्राण्याला दिसते ती ऊर्जा."

सरांनी दोरी सैल सोडली. हवालदार चार पावलं सरळ चालला आणि त्याचं नाक टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटलं. तो दचकून मागे सरला, त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि तो टीपॉयवर भुंकायला लागला.

"आहाहा! सापडली," सर म्हणाले. "इथे तुंबली आहे."

"काय तुंबलंय?" बँकवाल्यांच्या आईने विचारलं. त्यांना जरा कमी ऐकू यायचं.

"ऊर्जा, आजी, ऊर्जा!"

"मग प्लंबरला बोलवा की. कुत्र्याला काय कळतंय?"

एवढ्या शहाण्या सूचनेकडे कोणी लक्ष दिलं नाही. दोघांनी टीपॉय उचलून गॅलरीत नेऊन ठेवला, आणि सरांनी रिकाम्या जागेवर एक काचेचा लोलक टांगला. बँकवाले हात जोडून उभे होते. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे मान वर करून न बघणारा हा गृहस्थ त्या दिवशी कुत्र्याला 'अहो हवालदार' म्हणत होता.

सगळ्यांच्या मागे, दारापाशी, चष्मेवाले उभे होते. कुत्रा त्यांचा. नाक्यावरचं चष्म्यांचं दुकानही त्यांचं, तीस वर्षं जुनं. 'टिंगटिंग सर' हे नावही त्यांनीच ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. सर ज्या घरात जात तिथे वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्या टांगून येत, आणि मग त्या घरात दिवसभर कोणाला डुलकी लागत नसे.

प्रकरणाची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी चष्मेवाल्यांच्याच घरात झाली होती. दुकानासमोर काचेचं भलंमोठं नवं दुकान उघडलं, चष्मेवाल्यांची गिऱ्हाइकं तिकडे वळली, आणि त्यांची बायको एका संध्याकाळी 'पाळीव प्राणी आणि घराची फेंगशुई' हे फुकटचं व्याख्यान ऐकून आली. फुकट ते पौष्टिक असं म्हणणारे नेमके इथेच फसतात. चौथ्या दिवशी व्याख्यान देणारे सर घरी हजर.

"कुत्रा दारात झोपतो?" सरांनी विचारलं.

"हो ना. म्हणून तर हवालदार म्हणतो," बायको कौतुकाने म्हणाली.

"झोपताना शेपटी कुठे असते?"

"मागे," चष्मेवाले म्हणाले.

बायकोने डोळे वटारले. सरांनी मात्र समजावून सांगितलं, की झोपलेल्या कुत्र्याची शेपटी दाराकडे असेल तर घराची भरभराट शेपटीवरून घसरत घसरत बाहेर जाते. पाण्याचं भांडं उत्तरेला हवं. कुत्र्याची गादी नैर्ऋत्येला हवी. जेवणाचं टेबल भिंतीला टेकलंय म्हणजे ऊर्जेचा गळाच आवळलाय, ते मध्यभागी हवं. सोफा समोरच्या भिंतीला. कपाट खिडकीशी. चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला, पण घरात शांतता हवी असेल तर एखादं कपाट ढकललेलं परवडतं, हा तीस वर्षांच्या संसाराचा धडा त्यांना पाठ होता. त्यांनी कपाट ढकललं.

त्या दिवसापासून बायको दुपारी दर तासाला उठून झोपलेल्या हवालदाराला घड्याळाच्या काट्यासारखं फिरवून ठेवायची. तो सुस्कारा टाकायचा आणि पुन्हा झोपायचा.

दुसऱ्या दिवशी हवालदार टेबलाच्या पायावर आपटला आणि पायावर भुंकला. तिसऱ्या दिवशी सोफ्यावर भुंकला, मग कपाटावर. बायकोने घाबरून सरांना फोन केला. सर धावत आले, कुत्र्यासमोर उकिडवे बसले, त्याच्या डोळ्यांसमोरून दोनदा सावकाश हात फिरवला, आशीर्वाद दिल्यासारखा. मग त्यांनी वर पाहिलं आणि घोषणा केली.

"ताई, तुमच्या घरात दिव्यदृष्टी आहे! बुबुळं बघा, कशी विशाल झालीत! हा आता वस्तू बघत नाही, वस्तूंच्या आरपार बघतो."

"काही आजार तर नसेल?"

"डॉक्टरकडे मुळीच नेऊ नका. औषधाचा एक थेंब गेला, की ही दृष्टी कायमची मिटते."

मग काय विचारता! वाऱ्यासारखी बातमी पसरली. दर रविवारी हवालदाराची एकेका घरात स्वारी निघू लागली. तो जिथे धडकेल तिथे दोष, आणि प्रत्येक दोषामागे सरांची दक्षिणा. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी पियानो काढून टाकला, कोणी पलंग हलवला, एकाने तर मांजर बहिणीकडे पोचवली, कारण हवालदार तिच्या टोपलीत पाय अडकून पडला होता.

आणि चष्मेवाल्यांच्या दुकानात पुन्हा गर्दी होऊ लागली. "त्या हवालदाराचे मालक तुम्हीच ना?" असं विचारत माणसं येत आणि बोलता बोलता चष्मा करून जात. चष्मेवाल्यांना हे सगळं थोतांड आहे हे कळत होतं. पण थोतांडाने दुकान चालत होतं, आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. याची त्यांना पुढे लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशी म्हण आहे. इथे दळणाऱ्यांची रांग लागली होती, पण पीठ कुत्र्याच्या वाट्याला येत नव्हतं.

हवालदाराच्या नाकावर खपली धरली होती. त्याचं खाणं कमी झालं. कोपऱ्यात जाऊन तो भिंतीला डोकं टेकून तासन् तास उभा राहायचा. सर म्हणाले, हे ध्यान. आणि मग म्हणाले, की एवढी मोठी शक्ती एका घरात कोंडून ठेवणं बरं नाही, येत्या रविवारी मी त्याला कायमचा माझ्या ऊर्जा केंद्रात नेतो. बायको रडली, पण हो म्हणाली.

"त्याचा जन्म मोठ्या कामासाठी आहे म्हणतात हो," ती पदराने डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली. चौदा वर्षं त्या कुत्र्याने या घरात येणारं प्रत्येक माणूस हुंगून आत सोडलं होतं.

शुक्रवारी दुकानात एक निवृत्त बसचालक आला. त्याला गाडी चालवायचा परवाना वाढवून घ्यायचा होता आणि त्यासाठी नजर ठीक असल्याचा कागद हवा होता. त्याच्या आधी तीन गिऱ्हाइकं होती. तो बाकावर गुपचूप बसला होता. नंबर आल्यावर त्याने समोरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. शेवटची ओळ तर त्याने चष्मेवाल्यांची अक्षरं दाखवायची पट्टी तिथे पोचायच्या आधीच संपवली.

अशी माणसं चष्मेवाल्यांनी खूप पाहिली होती. ती बाकावर बसून दुसऱ्यांचं ऐकतात आणि तक्ता पाठ करतात. यावर त्यांचा जुना उपाय होता. त्यांनी उठून तक्ता उलटा टांगला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती.

"वाचा."

बसचालकाने डोळे बारीक केले, मान पुढे काढली, पहिल्याच ओळीत दोनदा अडखळला आणि चिडला. "हे बरोबर नाही, मालक. तुम्ही तक्ता बदललात. होता तसा ठेवला असतात तर मला सगळं दिसत होतं!"

चष्मेवाल्यांच्या हातातली पट्टी हवेतच राहिली. तक्ता बदललात. टेबल मध्यभागी. सोफा समोरच्या भिंतीला. कपाट खिडकीशी.

त्यांनी बसचालकाला सोमवारी यायला सांगितलं, भर दुपारी दुकान बंद केलं आणि घर गाठलं. हवालदार भिंतीला डोकं लावून उभा होता. चष्मेवाल्यांनी खिशातली विजेरी काढून त्याच्या डोळ्यात प्रकाश टाकला. बाहुली तसूभरही आकसली नाही. मग त्यांनी कापसाचा बोळा त्याच्या नाकासमोरून खाली सोडला. कापूस पडल्याचा आवाज होत नाही. हवालदाराने मानसुद्धा हलवली नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासणारा माणूस आपल्या घरच्या कुत्र्यासमोर मटकन बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या तासात निदान केलं. "काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. नजर गेल्याला बरेच महिने झाले असतील. घर पाठ होतं म्हणून तुम्हाला कळलं नाही. हा डोकं भिंतीला टेकवतो का?"

"टेकवतो. ते ध्यान..." चष्मेवाले मध्येच थांबले.

"डोळा ठणकतोय त्याचा," बाई म्हणाल्या. "नजर परत यायची नाही. ठणका थांबवता येईल. आधीच का नाही आणलंत?"

चष्मेवाल्यांनी थेंबांची बाटली खिशात टाकली आणि हवालदाराला घेऊन घर गाठलं.

बायकोचा विश्वास बसेना. "सरांना कसं नाही कळलं मग? रविवारी सगळ्यांसमोर विचारू," ती म्हणाली.

रविवारी घर भरलं. सर नव्या पट्ट्यासह आले आणि त्यांनी टिचकी वाजवली. हवालदार त्यांच्याकडे वळला.

"सर, एक विनंती," चष्मेवाले म्हणाले. "टिचकी न वाजवता बोलवा की. माणसं कुत्र्याला हाताने खुणावतातच. दोन महिन्यांत तुम्ही एकदाही खुणावलेलं मी पाहिलं नाही."

सरांनी हात हलवला. हवालदार ढिम्म. चष्मेवाल्यांनी कापसाचा बोळा त्याच्या नाकासमोर सोडला, एकदा, दोनदा, तीनदा. बँकवाल्यांच्या आई पुढे वाकून बघत होत्या.

"अगं बाई! हा तर ठार आंधळा आहे!" त्या म्हणाल्या.

"आंधळा आहे," चष्मेवाले म्हणाले, "आणि या घरात ते पहिल्यांदा कळलं सरांना. फोनवर धावत आले त्याच दिवशी डोळ्यांसमोर हात फिरवून त्यांनी खात्री करून घेतली. मग डॉक्टर बंद केला. आंधळा कुत्रा परक्या घरात सोडला तर तो धडकणारच. तुमच्या घरी तो धडकला ते फर्निचरला."

खोलीत चुळबुळ झाली. पण सर कसलेले होते. "अहो, बाहेरची दृष्टी मिटते तेव्हाच आतली उघडते!" ते गरजले.

"हे मात्र पटतं," बँकवाले मान डोलावत म्हणाले.

"पटतं ना? मग या पुढे." चष्मेवाल्यांनी खिशातून मोठा रुमाल काढून बँकवाल्यांचे डोळे घट्ट बांधले, त्यांना जागच्या जागी दोनदा गोल फिरवलं आणि सोडून दिलं. बँकवाले हात पसरून तीन पावलं गेले आणि त्यांचा गुडघा टेबलाच्या पायावर सणकन बसला.

"आई गं!"

"सर, विचारा त्यांना," चष्मेवाले म्हणाले. "काय तुंबलंय तिथे? ऊर्जा?"

"कसली ऊर्जा! टेबल आहे हो, टेबल!" बँकवाले कळवळले.

आता मात्र हशा पिकला. फक्त चष्मेवाल्यांची बायको हसली नाही. ती उठली आणि म्हणाली, "टेबल उचला. होतं तिथे ठेवा. सोफासुद्धा." माणसं पुढे सरसावली. टेबल भिंतीला गेलं, सोफा आणि कपाट आपापल्या जागी गेले, पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं आणि गादी दारात.

हवालदार थोडा वेळ हवा हुंगत उभा राहिला. मग तो चालायला लागला. टेबलाला वळसा घातला, सोफ्याच्या कडेने गेला, कपाटापाशी बरोबर डावीकडे वळला, पाणी प्यायला, आणि कशालाही न धडकता परत येऊन दारातल्या गादीवर पसरला. शेपटी दाराबाहेर. बायको त्याच्याजवळ खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

या गडबडीत टिंगटिंग सर कधी सटकले ते कोणाला कळलं नाही. दारातल्या कुत्र्याला ओलांडूनच गेले असणार. त्यांच्या वाजणाऱ्या नळ्या मागे राहिल्या. त्या चष्मेवाल्यांनी लगेच काढून टाकल्या, कारण आता त्या घरात एका जिवाला कानांचाच आधार होता.

बँकवाले गुडघा चोळत दाराशी घुटमळले. "मग आमचा टीपॉय कुठे ठेवू?"

"चहाचा कप ठेवायला हात पोचेल तिथे," चष्मेवाले म्हणाले.

हवालदाराला आता दिवसातून तीनदा थेंब घालावे लागतात. बायको न चुकता घालते. त्याने भिंतीला डोकं लावणं थांबवलं आहे. नजर काही परत आली नाही, आणि दोन महिने तो फुकट ठणकत राहिला हे घरातलं कोणी विसरत नाही. दुकानात कोणी दिव्यदृष्टीच्या कुत्र्याची चौकशी केली, की चष्मेवाले गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणून खरं ते सांगतात. तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की नमस्काराची घाई करू नका. आधी तक्ता बदलून बघा. आणि घरचं मुकं जनावर वेगळं वागायला लागलं, तर त्याची शेपटी कुठल्या दिशेला आहे ते नंतर बघा, आधी त्याला कुठे दुखतंय ते बघा.