खड्डा दाखवणारं यंत्र

नेव्हिल ट्रँटरला सायकलवर लावायचा कॉम्प्युटर घ्यायचाय, हे ऐकून ग्लेनिसने कॉफीचा कप खाली ठेवला.

"कुणाला? तुला?"

"हो, मला. त्यात एवढं चाट पडण्यासारखं काय आहे?"

होतंच मुळी! शनिवारी पहाटे बीच रोडवर निघणाऱ्या त्यांच्या टोळीत प्रत्येकाच्या हँडलवर ती डबी होती, एकट्या नेव्हिलच्या नव्हती. वर्षानुवर्षं त्याने त्या डब्यांची टर उडवली होती. "समुद्र उजवीकडे आहे रे, तुझ्या डबीत नाही," असं तो डॅरिलला भर रस्त्यात ओरडून सांगायचा. आणि वेग म्हणाल, तर तो टायरच्या आवाजावरून ओळखायचा. डॅरिल आपल्या डबीवर हात झाकून धरायचा, नेव्हिल जरा कान द्यायचा, म्हणायचा, "चौतीस," आणि पैज हरलेला डॅरिल तोंड वाकडं करून त्याला कॉफी पाजायचा. आता हाच माणूस म्हणतो, कॉम्प्युटर निवडायला माझ्याबरोबर दुकानात चल!

ग्लेनिसला राहवेना. बाई मूळचीच चौकस. शेजाऱ्याच्या कचऱ्यात नवं खोकं दिसलं, तरी त्यात काय आलं होतं हे कळेपर्यंत तिला चैन पडायचं नाही.

"पण एकदम काय झालं?"

"काळ बदलला, ग्लेनिस," तो म्हणाला आणि क्रोसाँचा चुरा शर्टावरून झटकू लागला. शर्ट स्वच्छ होता. चुरा सगळा टेबलावर सांडला होता. तिने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

बीच रोडवरच्याच मोर्डियालॉक गावात व्हूलाचं सायकलींचं दुकान आहे. आधी तिच्या वडिलांचं होतं, आणि गिऱ्हाइकाला खुर्ची दिल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची रीत तिने अजून मोडलेली नाही. नेव्हिलला खुर्ची देऊन तिने काचेच्या कपाटातून चार-पाच कॉम्प्युटर काढले आणि काउंटरवर मांडले.

"हा नकाशा दाखवतो. हा त्याच्यापेक्षा हलका. ह्याची बॅटरी लवकर संपत नाही. तुम्हाला नक्की काय बघायचंय, नेव्हिल?"

ग्लेनिसने कान टवकारले. तिलाही तेच तर हवं होतं. माणूस डबीत काय बघतो, यावरून तो कळतो, असं तिचं मत. डॅरिल वेग बघतो, कारण त्याला बढाया मारायच्या असतात. ती स्वतः आपण किती चढ चढलो ते बघते, कारण घरी गेल्यावर केक खायचा असतो. आणि नेव्हिल?

"हा बोलतो का?" नेव्हिलने विचारलं.

"अं? हो, वळण आलं की आवाज देतो."

"मागून गाडी आली तर?"

"मागे हे रडार लावायचं. गाडी जवळ आली की हा पुढे वाजतो."

"आणि समोर खड्डा आला तर?"

व्हूला खळखळून हसली. "खड्डा दाखवणारं यंत्र माझ्याकडे तरी नाही बुवा! त्यासाठी पुढे तुमच्यासारखा माणूस लागतो."

ग्लेनिसही हसली. नेव्हिल हसला नाही. त्याने एक कॉम्प्युटर उचलला, हात लांब करून धरला, आणि किडा दिसल्यावर मॅगपाय पक्षी बघतो तशी मान एका बाजूला कलंडवून त्याच्याकडे बघितलं.

"छान आहे. आकडे चांगले ठळक आहेत. हाच दे."

व्हूला काहीतरी बोलायला गेली. ग्लेनिसने घाईने ओठांवर बोट ठेवलं. कॉम्प्युटर अजून चालूच केलेला नव्हता. पडदा काळा ठिक्कर होता.

आणि मग तिला गेल्या शनिवारचं आठवलं. टोळीत पुढच्याने खड्डा दिसला की हात दाखवायचा आणि ओरडायचं, मागच्याने ते त्याच्या मागच्याला सांगायचं, अशी शेपटापर्यंत हाक जाते. मागच्यांना रस्ता दिसतच नाही. दिसते ती पुढच्याची पाठ आणि वीतभर अंतरावरचं त्याचं चाक. सगळ्यांनी आपले डोळे पुढच्याच्या हवाली केलेले असतात, आणि पुढे कायम नेव्हिल. गेल्या शनिवारी वाटेतल्या मेंटोनजवळ त्याने हाक दिलीच नाही. डॅरिलचं चाक धाडकन खड्ड्यात गेलं, टायर फुटला, नशीब म्हणून तो पडला नाही. "ऊन डोळ्यांवर आलं रे," म्हणून नेव्हिलने सगळ्यांना कॉफी पाजली होती.

कुठलं ऊन? त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं.

तिने त्याला बाहेर काढलं आणि खाडीकाठच्या बाकावर बसवलं.

"माझ्या तोंडाकडे बघ. काय दिसतं?"

"बावळटपणा करू नकोस."

"काय दिसतं, नेव्हिल?"

त्याने पुन्हा तशीच मान एका बाजूला कलंडवली. "कान दिसतात," तो म्हणाला. "केस दिसतात. मधे डाग आहे. तोंड नाही दिसत."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. डॉक्टर म्हणाला, गाडी चालवायची नाही. सायकलचं तो काही बोलला नाही."

"तू विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता ना!"

ग्लेनिसचा असा भडका उडाला की बाकाखालचे सीगल उडून गेले. "अरे, बाराजणं तुझ्या भरवशावर मान खाली घालून येतात! डॅरिलचं डोकं फुटलं असतं म्हणजे? तेव्हा काय सांगणार होतास, ऊन?"

"म्हणून तर यंत्र बघायला आलो," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला स्वतःचीच लाज वाटली. "मला वाटलं, इतकं सगळं दाखवतात, हेही दाखवत असतील. शनिवार गेला तर मी करू काय, ग्लेनिस? गुलाब छाटत बसू?"

तिला रडू आलं. ते तिने लपवलंही नाही, आणि त्याला दिसलंही नसतं.

"सांगावं तर लागणारच," ती नाक पुसत म्हणाली. "तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो."

ती उठली आणि तडक दुकानात गेली. आल्यापासून एक गोष्ट तिला खुणावत होती. छताला दोघांनी चालवायची एक लांबलचक सायकल धूळ खात टांगलेली होती.

"ही कुणाची गं?"

"लग्न ठरलेल्या एका जोडप्याने मागवली होती," व्हूला म्हणाली. "सायकल येईपर्यंत त्यांचंच बिनसलं."

शनिवारी टोळी जमली तेव्हा नेव्हिलने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. फिरवून नाही, एका दमात. मग डॅरिल पुढे झाला आणि त्याने नेव्हिलच्या हेल्मेटवर टप्पल मारली.

"तरीच म्हटलं, भरल्या आभाळात ह्याला ऊन कुठून लागलं! मेल्या, मला मारायला निघाला होतास." आणि त्याने त्याला घट्ट मिठी मारली. बराच वेळ सोडलंच नाही.

लांब सायकलवर पुढे ग्लेनिस, मागे नेव्हिल. पहिल्या वळणावर दोघं आडवी व्हायची राहिली. "सरळ धर की बाई!" तो ओरडला. "तू हलू नकोस मेल्या!" ती ओरडली. मागे सगळे खिदळत होते. नेव्हिलने घेतलेला कॉम्प्युटर तिच्या हँडलवर होता, या वेळी चालू केलेला.

मेंटोन मागे पडलं, सायकलीने वेग धरला.

"किती?" त्याने विचारलं.

तिने डबीत पाहिलं. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "चौतीस!"

तो जरा वेळ टायरचा आवाज ऐकत राहिला.

"एकतीस."

एकतीसच होते.

"माहीत होतं तर विचारलंस कशाला?"

"बघत होतो, तू खरं सांगतेस का," तो म्हणाला. "माझं मन राखायला खोटं नको सांगूस गं. आता मला जे दिसणार, ते तुझ्याच तोंडून."

ग्लेनिसचे डोळे भरून आले होते, पण रस्त्यावरून नजर काढायची सोय नव्हती.

"खड्डा!" ती एकदम किंचाळली. "डावीकडे!"

मागे नेव्हिलचा डावा हात लांब झाला, खाली वळला, आणि त्याच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात हाक शेपटापर्यंत गेली.