मोरीच्या पाण्यावरचं अळू

आमच्या कोपरीच्या चाळीत, घरामागे, पप्पांनी अळू लावलेलं. दोन पावलांची जागा. पाणी फक्त मोरीचं. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं.

पप्पा कंपनीत फिटर होते, म्हणजे पाईप हा त्यांचाच विषय. रिटायर झाल्यावर त्यांनी मोरीचा पाईप गटारातून काढला आणि एका ड्रममध्ये सोडला. ड्रममध्ये विटांचे तुकडे, वाळू, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा. त्यातून गाळून पाणी अळूला.

सकाळी मागे उभे राहायचे. आत कोण आंघोळ करतंय ते पाण्यावरून ओळखायचे. मी असलो की बाहेरूनच ओरडायचे.

"सम्यक, दोन तांब्यांत आटपलंस? अळू काय पिणार?"

"आता तुमच्या अळूसाठी आंघोळ करू का?"

"कर की. तसाही वास मारतोस."

पानं मात्र भारी. ताटाएवढी.

मार्चमध्ये माझ्या बहिणीला, दर्शनाला, बघायला कोलशेतची माणसं आली. मुलगा नयन, त्याची आई, एक काका. टॉवरमध्ये राहणारे. दर्शनाला नयन फोटोतच आवडलेला. हे फक्त मला माहीत.

आईने घरच्याच अळूच्या वड्या केलेल्या. नयनच्या आईने एक खाल्ली, दुसरी उचलली.

"काय मऊ आहेत हो! पानं कुठून आणता?"

पप्पा याचीच वाट बघत होते. "घरचीच! मोरीच्या पाण्यावर. या, दाखवतो."

आणि खरंच नेलं त्यांना मागे. मागोमाग नयन पण गेला. पप्पांनी ड्रमचं झाकण उघडून दाखवलं. वर आमच्या सकाळच्या आंघोळीचा फेस. त्यात आईचा एक लांब केस.

परत आल्यावर दुसरी वडी प्लेटमध्ये तशीच राहिली. काका तर चहा पण नको बोलले.

दोन-चार दिवसांनी फोन आला. सध्या थांबतोय.

दर्शना रडली नाही. जेवायला बसलो तेव्हा बोलली, "पप्पा, तुमच्या मोरीच्या पाण्यात माझं लग्न गेलं."

"अगं दर्शू..." आई बोलली. बस.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पाईप परत गटारात. रविवारी पप्पांनी अळू कंदासकट उपटून गोणीत भरलं, ड्रम भंगारवाल्याला दिला, आणि स्वतः सिमेंट कालवून तिथे कोबा घातला.

"पुढचे पाहुणे आले की स्वच्छ दिसेल," बोलले.

परवा वागळे इस्टेटला चहाच्या टपरीवर नयन भेटला. त्यानेच हाक मारली.

"सॉरी यार. माझं आधीपासून एका मुलीशी आहे. घरी सांगायला फाटत होती. तुमच्याकडे मागे उभे होतो ना, तुझे पप्पा पाईप दाखवत होते, तिथेच आईच्या कानात सांगून टाकलं."

"तिथे? ड्रमपाशी?"

"मग काय. तिचं खाणंच उडालं. काका तर सगळीकडेच नाक मुरडतो. पण आई अजून त्या वड्यांचं नाव काढते. गॅलरीत तसा ड्रम बसवायचाय तिला. पप्पांना विचारशील?"

चहा तसाच ठेवून निघालो.

घरी सगळे बसलेले असताना सांगितलं. दर्शना माझ्याकडे बघत होती, मग पप्पांकडे.

"पप्पा, परत लावू या ना."

"कुठे? कोबा पक्का झालाय. फोडला तर शेजारच्यांच्या भिंतीला तडा जाईल."

"मी तेव्हा..."

"जाऊ दे गं." मग माझ्याकडे वळून, "त्या बाईंना सांग, कोळसा जास्त घाला. आणि झाकण उघडून कोणाला दाखवू नका."

आई हसली. दर्शना नाही हसली.

आज सकाळी ती आंघोळीला गेली. बादली भरभरून पाणी ओतत होती, धबाधब. मध्येच आतून ओरडली, "पप्पा, ओळखा कोण?"

पप्पा पुढच्या दारात पेपर घेऊन बसलेले. उठले नाहीत.

"गटारात गेल्यावर काय कळतंय गं," बोलले, आणि पान उलटलं.