डावीकडे न वळणारी चिमणी

आमच्या बेटांवर एकच विमान होतं आणि त्याला उडायची फारशी सवय नव्हती. पंख दोन मजली, खुर्च्या दोन, एकीमागे एक, आणि नाव चिमणी. अल्गोत एकलेवने ते किनाऱ्यापलीकडच्या एका विमान-क्लबाकडून विकत घेतलं, तेव्हा क्लबवाल्यांनी त्याचे हात हातात घेऊन आभार मानले. शंका तिथेच यायला हवी होती.

चिमणी पाद्रीबाबांच्या गवताच्या गंजीत पडली, बटाट्यांत पडली, एकदा लग्नाच्या पंगतीत पडली. दर वेळी लोक तिला हाताशी असेल त्याने जोडत. पंखांना जुन्या शिडाचं कापड, चाकाला हेरिंग माशांच्या पिंपाची कडी, बसायला आमच्या सॉनातला, म्हणजे वाफेच्या न्हाणीतला बाक. अल्गोत टोपी झटकत बाहेर यायचा आणि ज्याच्या जमिनीवर पडला त्याच्याकडे कॉफी प्यायचा. आमच्याकडे रीतच आहे. वरून आला म्हणून पाहुणा कमी होत नाही, आणि तिसरा कप झाल्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत.

एक खोड मात्र कुणालाच काढता आली नाही. डावीकडे वळलं की इंजिन बंद पडायचं. म्हणून अल्गोत फक्त उजवीकडे वळे. डावीकडच्या बेटावर जायचं असलं तर उजवीकडून अख्खी गिरकी घेऊन जाई.

एप्रिलात माझी बहीण एडला बाळंतपणात अडली. मूल आडवं होतं. शहरातल्या डॉक्टरशिवाय दोघांचंही खरं नाही, असं सुईण म्हणाली. पण समुद्रावरचा एप्रिलातला बर्फ माणसाचं वजन पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही. उरली चिमणी. शहराला फोन केला, तर तिथल्या धक्क्यालगतचा बर्फाचा एक पट्टा अजून भक्कम आहे, असं कळलं. कोठारामागच्या कुरणात थोडा बर्फ शिल्लक होता. अल्गोतने चाकं काढून स्की लावल्या आणि एडलाला रजयांत गुंडाळून पुढच्या खुर्चीत बसवलं.

"अल्गोत, आज तरी वाटेत कुणाकडे कॉफीला थांबू नकोस," एडला दात आवळून म्हणाली.

"आज कुणी बोलावलेलंच नाही."

"येताना आमच्याकडे ये," आई म्हणाली.

"उतरून की पडून?"

"कसाही ये."

पुढचं आम्हाला शहरातल्या लोकांनी सांगितलं. अल्गोत येतोय म्हणजे पडणार, आणि पडला की त्याला कॉफी लागणार, हे तिथेही सगळ्यांना ठाऊक होतं. निम्मं शहर स्ट्रेचर, शिड्या, किटल्या आणि वेलचीचे पाव घेऊन बर्फावर आलं. माणसं पेलेल असा बर्फ त्या एकाच पट्ट्यावर होता, म्हणून सगळे तिथेच उभे राहिले.

अल्गोत खाली आला तेव्हा त्याला उतरायच्या जागी डोकी दिसली. उजवीकडे दगडी धक्का होता. तो डावीकडे वळला.

इंजिन बंद पडलं. चिमणी पातळ बर्फावर टेकली, नाक आणि स्की आत गेल्या, पण खालचे पंख बर्फावर पसरून तिला धरून राहिले. अल्गोतने एडलाला उचलून लोकांच्या बाजूच्या पंखावर निजवलं आणि स्वतः तोल साधायला पलीकडच्या पंखावर गेला. माणसं शिड्या आडव्या टाकून पोटावर सरपटत आली. त्यांनी त्यालाही हात दिला.

"आधी तिला घ्या," तो म्हणाला. "मी हललो तर ही उलटेल."

त्यांनी तिला ओढून घेतलं. तिचं वजन उतरताच त्याच्या बाजूचा बर्फ खचला आणि चिमणी त्याच्यासकट खाली गेली.

एडला वाचली, मूलही वाचलं. अल्गोत दुसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडला. त्या किटल्यांतली कॉफी कुणी प्यायलं नाही, आणि ओतून टाकायलाही कुणी धजावेना.

जूनमध्ये समुद्र मोकळा झाला आणि एका सकाळी चिमणी आमच्या धक्क्याला लागली. इंजिन तळाशी राहिलं होतं, लाकूड आणि शिडाचं कापड तेवढं तरंगत आलं होतं. भूशिराला वळसा घालून ती डावीकडे वळत आली. आता बंद पडायला काही उरलं नव्हतं. इतक्या अलगद ती आयुष्यात कुठे टेकली नव्हती.

मी तिला दोराने बांधलं. आईने सॉनातला बाक ओळखला, घरात गेली आणि किटली घेऊन आली. कप भरून तिने पंखावर ठेवला, निवेपर्यंत थांबली, पाण्यात ओतला आणि दुसरा भरला. मी दोर सोडू का म्हणून विचारलं, तर तिने मान हलवून नाही म्हटलं.

तिसरा कप झाल्यावरच तिने मला दोर सोडू दिला.