मोकळं ठेवलेलं पाणी

रश्श्याचं पातेलं मांडीवरून खाली ठेवायला सिस्टर बिरागो काही केल्या तयार होईना. मिनीबस कुमासी शहर सोडून डोंगराच्या वळणांना लागली होती. प्रत्येक वळणाला झाकणाखालून शेंगदाण्याचा वास सुटत होता आणि मागच्या बाकावरची डेला ओरडून सांगत होती की सिस्टर, तुमच्या कपड्यांचं आज काही खरं नाही.

"सहलीला पांढरंशुभ्र घालून येणाऱ्या तुम्हीच एक," डेला म्हणाली. "तळ्यावर चाललोय की कुणाच्या बारशाला?"

"तुझ्याच बारशाला. तुझं नाव ठेवताना चुकलंय, बदलून घेऊ."

बस हसली. डेला प्रसूतिगृहात नवीन लागलेली नर्स, जिभेला हाड नसलेली, आणि बिरागोची लाडकी. बाकीच्यांना ही थट्टा जुनी होती. ईस्टरच्या सोमवारी प्रसूतिगृहाची सहल बोसोम्त्वे तळ्यावर जायची ती बिरागोच्या हट्टापायी. एकदा कुणीतरी समुद्रावर जायचं काढलं, तर तिनं तो विषय असा हाणून पाडला की पुन्हा कुणी नाव घेतलं नाही. सोमवार, तळं, पांढरे कपडे, शेंगदाण्याचा रस्सा आणि भाताचे गोळे. यात कधी काडीचा बदल नाही. काठावर ढोल वाजला की पहिली नाचायला उठणार तीच. लोक म्हणत, बाई मोठी हौशी.

हौस कसली डोंबलाची. या तळ्याकाठच्या गावात बिरागो जन्मली, आणि सतरा वर्षांची असताना तिथेच तिला एक मुलगी झाली. मुलीचा बाप कोको विकत घ्यायला येणाऱ्या लॉरीवरचा कारकून. तो लॉरीबरोबर आला आणि लॉरीबरोबरच गेला. मुलगी सोमवारी जन्मली आणि आठवा दिवस उजाडायच्या आत गेली.

आमच्याकडे आठव्या दिवशी नाव ठेवतात. नाव ठेवलं की मूल माणसांत आलं. त्याआधी गेलं तर ते मूल नव्हेच, पलीकडून आलेला पाहुणा. डोकावला, घर पसंत पडलं नाही, परत गेला. अशा पाहुण्यासाठी रडायचं नसतं. रडलं तर तो सोकावतो आणि आईला फसवायला पुन्हा पुन्हा येतो, असं जुनी माणसं सांगत. म्हणून आईनं पांढरं नेसायचं, शेंगदाण्याचा रस्सा पोटभर खायचा आणि आनंदात राहायचं. बिरागोच्या आईनं स्वतः रस्सा रांधला आणि समोर बसून तिला खायला लावला. बिरागोला पान्हा फुटत होता. "हस," आई म्हणाली. बिरागो हसली.

आता हे असलं कुणी फारसं पाळत नाही. बिरागोनंच किती बायांना प्रसूतिगृहात पोटाशी धरून रडू दिलं असेल. पण स्वतःच्या बाबतीत तिला ते जमलं नाही. रडायची बंदी होती, मात्र पांढरं नेसून रस्सा खायची मुभा होती. मग जेवढी मुभा होती तेवढंच ती दरवर्षी करत आली. सहलीच्या गलक्यात ते खपून जायचं.

अशा मुलाला कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. गावाबाहेर चुलींची राख टाकायच्या जागेशी मडक्यातून नेऊन पुरतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. त्या पहाटे म्हाताऱ्या बायकांबरोबर फावडं घेऊन गेला होता तिचा थोरला भाऊ क्वाबेना. तो परत आला तेव्हा त्याचे पाय घोट्यापर्यंत राखेनं माखले होते. पण राखेच्या जागा गावाला दोन होत्या. एक पूर्वेला, मोठ्या झाडाखाली. दुसरी पश्चिमेला, पायवाट जिथे गावात शिरायची तिथे. बिरागोनं झाडाखालची धरली. तिथे सावली होती, म्हणून ती मनाला बरी वाटली.

पुढे तळं चढत गेलं. दोनदा सबंध गाव उचलून वर न्यावं लागलं. जुन्या गावावर पाणी आलं, झाड पाण्यातच वाळलं आणि त्याचं राखाडी खोड तेवढं उभं राहिलं. बिरागो दर ईस्टरला काठावर बसून त्या खोडाकडे बघायची. दोन घोट रस्सा पिऊन पोरीला त्याची चव सांगावी, दात कधी आले असते त्याचा हिशेब करावा, आता नातवंडं असती असं मनाशी म्हणावं. बाहेरून ती हसत असायची. आतून तिला त्या पोरीची इतकी ओढ लागलेली असायची की परतताना बसमध्ये ती झोपेचं सोंग घ्यायची.

यंदाची तिची सहल शेवटची. नोकरी संपली होती, गुडघे कुरकुरत होते आणि पुढच्या महिन्यात ॲमस्टरडॅमला, पुढे लग्नानंतर झालेल्या धाकट्या मुलाकडे कायमचं जायचं ठरलं होतं. तिथून ती परत येणार नाही हे तिला कळत होतं. एकदा डोळे भरून ते खोड बघून घ्यायचं, बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

बस काठावर थांबली. बिरागो पातेलं घेऊन उतरली, पूर्वेकडे वळली, आणि तिथे खोड नव्हतं.

बाजूच्या केळेवालीनं सांगितलं की गेल्या वादळात पडलं, बुडालं. बिरागो बघत राहिली. जिथे बघायची सवय होती तिथे आता सगळीकडे सारखंच पाणी होतं. डेलानं हाका मारल्या तरी तिला ऐकू गेल्या नाहीत. शेवटी ती पातेल्यासकट चढ चढून क्वाबेनाच्या घराकडे निघाली.

क्वाबेनाचं घर शोधावं लागत नाही. गाव वर हलवलं तेव्हा सगळ्यांनी शहाण्यासारखी दारं रस्त्याकडे केली, म्हणजे सहलीच्या लोकांना थंड पेय, तळलेली केळी विकता येतात. क्वाबेनानं एकट्यानं ओसरी तळ्याकडे काढली. त्यावरून त्याची बायको मरेपर्यंत त्याला बोल लावत होती. तो ओसरीवर खुर्ची टाकून फाटकं जाळं शिवत बसला होता.

"आफुआ," तो म्हणाला. शुक्रवारची म्हणून घरात ती आफुआ. "पातेलं कशाला चढवून आणलंस? मला शेंगदाणे बाधतात, ठाऊक आहे ना."

हे तो दरवर्षी म्हणायचा. बिरागोनं पातेलं ठेवलं आणि झाड पडल्याचं बोलली. त्यानं मान हलवली. मग आजवर चार-पाचदाच विचारलेलं तिनं पुन्हा विचारलं.

"दादा, मी आता चाललेय. एकदा सांग. झाडाखालीच ना?"

क्वाबेनाचे हात थांबले. त्यानं आधी तळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आईनं मला शपथ घातलीय."

"आई जाऊन किती वर्षं झाली."

"आई गेली म्हणून शपथ सुटते का? जा, तुझी माणसं थांबलीत. जेवून घे."

त्याच्यावर तिचा कधी राग टिकत नसे, आज टिकला. पातेलं तिथेच टाकून ती खाली उतरली. काठावर मोटरबोट लागली होती, ढोल बोटीत चढले होते आणि डेला तिला ओढत होती. बिरागो या बोटीत कधी बसली नव्हती. जुन्या रीतीनं या तळ्यात धातू घालायचा नाही. मासेमारी करणारे लाकडाच्या एका लांब फळीवर बसून हातांनी पाणी मारत जातात, क्वाबेना अजून तसाच जातो. पण आज काठावर बसून बघायला काही उरलं नव्हतं. ती चढली.

बोट चालवणारा अट्टा हा गावातलाच, चाळिशीचा, तोंडाची टकळी सतत चालू असणारा. त्यानं इंजिन सुरू केलं, ढोल वाजायला लागले, डेला उभी राहून नाचू लागली. दोन्ही बाजूंना जाळ्यांच्या रांगा होत्या, लाकडाचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या बांधलेल्या. त्यांच्यामधून वाट काढत अट्टा पश्चिमेकडे निघाला. मग एका ठिकाणी त्यानं बोट एकदम वळवली. डेला पडता पडता वाचली.

"समोर तर काहीच नाहीये," डेला म्हणाली. "जाळं नाही, दगड नाही. कुणाला वाट दिलीत?"

"वरच्या म्हाताऱ्याला," अट्टा म्हणाला. "तिथे देव बसतो म्हणे. कुणी जाळं टाकायचं नाही, बोट न्यायची नाही. माझ्या लहानपणापासून ऐकतोय. एकदा मी नेली तर फळीवरून आला आणि माझ्या बापाच्या बापापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. देवालासुद्धा एवढ्या मोठ्या तळ्यात त्याच्या ओसरीसमोरचीच जागा सापडली बघा."

बिरागोनं मान वळवून पाहिलं. चहूकडे जाळी होती आणि मधे एका अंगणाएवढं पाणी मोकळं होतं. त्याच्या नेमकं समोर, चढावर, क्वाबेनाची ओसरी. ओसरीवर खुर्ची. वरून डोंगरातली जुनी पायवाट उतरत होती ती सरळ येऊन याच पाण्यात शिरत होती.

पश्चिमेची राख. झाडाचा काही संबंधच नव्हता. इतकी वर्षं ती भलत्याच पाण्याकडे बघून बोलत होती, आणि खऱ्या पाण्याकडे क्वाबेना बघत बसला होता.

तिनं अट्टाला इंजिन बंद करायला सांगितलं. तो कुरकुरला, पण बिरागोनं त्याच्या तिन्ही पोरांची नाळ कापली होती, तेव्हा इंजिन बंद झालं. तिनं छातीवरचं नर्सचं घड्याळ काढलं, अंगठी काढली, कानातले काढले आणि सगळं डेलाच्या ओंजळीत ठेवलं. मग बाकावरून वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी वरवर कोमट होतं, खाली गार होतं. ढोलवाल्यानं विचारलं, वाजवू का? ती म्हणाली, वाजव की, थांबलास कशाला. पाण्यातल्या हातासकट ती त्या ठेक्यावर मान हलवत राहिली.

"सिस्टर, काय शोधताय?" डेलानं हळूच विचारलं.

"काही नाही गं. पाणी बघतेय."

काठाला लागल्यावर ती पुन्हा चढ चढली. क्वाबेना तसाच बसला होता. ओसरीवरून सगळं दिसत होतं, त्यामुळे बोट कुठे थांबली ते त्यानं पाहिलं होतंच. बिरागो पायरीवर टेकली. दम खाल्ला.

"तिकडे मासे चांगले असतील," ती म्हणाली.

"असतील."

"मग जाळं का टाकत नाहीस?"

"खाली खोडं आहेत. जाळं फाटतं."

"किती वेळा फाटलं?"

क्वाबेना जाळ्यातली गाठ चाचपत राहिला.

"टाकलंच नाही कधी," तो म्हणाला. "फाटेल कशाला."

खाली प्रसूतिगृहाची माणसं भाताचे गोळे वाटून घेत होती आणि रस्सा कुठे गेला म्हणून एकमेकांना विचारत होती. क्वाबेनानं जाळं बाजूला ठेवलं, आत गेला आणि एक खोलगट वाडगा घेऊन आला. तो पुसला. तिच्यासमोर धरला.

"आज सोमवार," तो म्हणाला. "आज्वाचा वार. वाढ मला थोडं."

नाव न ठेवलेल्या मुलालाही त्याचा वार चिकटलेला असतो. सोमवारची ती आज्वा. पण ते नाव या घरात आजवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

बिरागोनं झाकण काढलं. रस्सा निवला होता, वर तेल आलं होतं. तिनं ढवळून वाडगा भरला. डोळ्यांतून पाणी येऊन पांढऱ्या कपड्यांवर पडत होतं, ते पुसायचं तिला सुचलं नाही. क्वाबेना तळ्याकडे तोंड करून सावकाश जेवू लागला. तिच्याकडे त्याचं लक्ष होतं. हस, असं तो म्हणाला नाही.