फ्रेममधली अखंड कात

मित्रांनो, मी एक जुनी कात आहे. एखाद्या शहराने कात टाकली, असे तुम्ही मोठ्या कौतुकाने म्हणता. टाकलेल्या कातीचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी एका पाळीव अजगराच्या अंगावर घडले. तो होता एका फ्रेमवाल्याच्या मुलीचा. दुकानामागच्या खोलीत त्याची काचेची पेटी होती. तिच्यावर लोखंडी जाळी, आत पाण्याचे भांडे. पेटीतली ओल जाळीतून उडून जाई. त्यामुळे माझ्याआधीच्या काती चिंध्या होऊन निघाल्या. एकीचा तुकडा तर त्याच्या डोळ्यावरच चिकटून बसला. मुलीच्या तोंडचे पाणी पळाले.

फ्रेमवाल्याने जन्मभर एकच विद्या केली होती. काच बसवायची, मागून चिकटपट्टी मारायची, हवेला शिरकाव द्यायचा नाही. तीच त्याने इथे वापरली. जाळीवर प्लास्टिक ताणले, चारी कडांना पट्टी मारली. काचेला आतून घाम फुटला.

आणि मी निघाले. नाकापासून शेपटीपर्यंत अखंड! फ्रेमवाल्याने मला चांगल्या चौकटीत बसवून पेटीसमोरच टांगले. आजोबांचा फोटो न्यायला आलेली गिऱ्हाइके आजोबांना काखेत मारून खोलीच्या दारातून माझ्याकडे बघत उभी राहत. मी फुशारले, हे कबूल करायला हवे.

पुढे अजगर खाईनासा झाला.

"बाबा, तो मान वर करून तोंड उघडतोय. शिट्टीसारखा आवाज येतोय," मुलगी म्हणाली.

"जांभई असेल. तुला नाही येत?"

एका बाजूची पट्टी तरी काढू या, असे ती म्हणाली. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "ही बघ. प्लास्टिक काढलं की पुन्हा चिंध्या. सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस?"

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि पट्टीकडे नेलेला हात मागे घेतला. मला सांगता आले असते, पण जीभ अजगर घेऊन गेला होता.

त्याच्या नाकपुड्यांशी बुडबुडे दिसले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी प्लास्टिक ओरबाडून काढले. ओल हवीच, पण ती एका कोपऱ्यात, ओल्या शेवाळाच्या डब्यात. बाकी पेटीत हवा खेळती हवी, असे त्यांनी समजावले. कोंदट हवेने छाती भरली होती.

"पण बाई, कात बघा ना," फ्रेमवाला म्हणाला. "एका तुकड्यात आलीय."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण कात श्वास घेत नाही हो."

औषध सुरू झाले, पण उशीर झाला होता. एका सकाळी मुलीने पाणी बदलायला भांडे उचलले, तरी अजगर हलला नाही. तशाच काचेमागे, तशाच चिकटपट्टीखाली, मी मात्र ठणठणीत होते.

नंतर माझ्याकडे कोणी पाहीना. मग एके दुपारी फ्रेमवाल्याने मला खाली उतरवले, पालथे घातले आणि मागची पट्टी पातीने कापायला घेतली.

"आता काय उपयोग, बाबा?" मुलीने विचारले.

त्याने चारी कडा कापल्या आणि मला पुन्हा तिथेच टांगले.

आता माझ्यात हवा शिरते. कडा पिवळ्या पडल्यात, बारीक किडे कुरतडतात. माझी तक्रार नाही. मित्रांनो, जीव पाळाल तर ओल कोपऱ्यात ठेवा आणि जाळी मोकळी सोडा. आणि भिंतीवरचे कौतुक बघत बसू नका. पेटीत कोणी धापा टाकत असेल, तर ते त्याच्याकडे बघूनच कळते.