घाई नाही, जमलं तर

जानेवारीच्या दहा तारखेला सकाळी सव्वानऊच्या सुमाराला हालवोर ट्वेट स्वतःच्याच अंगणात पडला. हातात बर्फ उपसायचं फावडं होतं. बाहेर तापमान शून्याखाली अठरा होतं आणि त्याची उजवी बाजू हलेनाशी झाली होती. डाव्या हाताने त्याने खिशातून फोन काढला, ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला आणि जड जिभेने सांगितलं, "जरा पडलोय. घाई नाही, पण जमलं तर कुणीतरी या."

त्याच वेळी महामार्गावर दोन ट्रक एकमेकांवर आदळले होते. रुग्णवाहिका आधी तिकडे गेली. घाई नाही म्हणणाऱ्या माणसाच्या दारात ती पोचली तेव्हा दहा वाजायला पाच मिनिटं होती.

हालवोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. एकतीस वर्षं त्याने अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या रस्त्यांवर बर्फ हटवायची गाडी चालवली. बायको, इंगा, दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी सिग्ने बावीस वर्षं दूर, वाळवंटातल्या फिनिक्सला राहते. तिने तिथे वृद्धांसाठीच्या एका निवासात खोली बघून ठेवली होती. पक्षाघातानंतर हालवोरला डुलुथच्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, पाय सुधारतोय, हात सुधारतोय, प्रश्न भाषेचा आहे. भाषेच्या चाचणीत वीसपैकी चौदा आले तर त्याने घरी एकटं राहायला हरकत नाही. नाही आले तर फिनिक्स.

"फिनिक्स कसं वाटतं?" त्याला विचारलं गेलं.

"वेगळं आहे," हालवोर म्हणाला.

चाचणी घेणारी मारिसेला कांटू वाचा-उपचार करायची. ती मूळची टेक्सासमधल्या लारेडोची, डुलुथला येऊन तिला चार महिने झाले होते. चाचणीतले सगळे प्रश्न एकाच जातीचे होते: दोन शब्दांत जेवढा तीव्रतेचा फरक, तेवढाच फरक पुढच्या जोडीत साधायचा. कोमटाला जसं कढत, तसं गारला काय? अपेक्षित उत्तर, बर्फासारखं. हालवोरने लिहिलं, "स्वेटर लागेल असं." चांगल्याला जसं अप्रतिम, तसं वाईटला काय? भयंकर. हालवोरने लिहिलं, "याहून बरं चाललं असतं." आवडण्याला जसं जीव टाकणं, तसं नावडण्याला काय? द्वेष. हालवोरने लिहिलं, "वेगळं वाटणं."

वीसपैकी नऊ.

मारिसेलाने अहवालात लिहिलं की रुग्णाला शब्दांच्या पायऱ्या कळत नाहीत. फेरचाचणी नियमाप्रमाणे दोन आठवड्यांनी होती. तोवर ती रोज सकाळी त्याच्या खोलीत जाई आणि कागद काढण्याआधी विचारी, "कॉफी घेणार?"

"नको, उगाच कशाला तसदी," हालवोर म्हणे. ती किटली घेऊन पुढच्या खोलीत जाई.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी बेव्ह नावाची परिचारिका पलंगाची चादर बदलत होती. तिचा जन्म इथलाच. तिने हे ऐकलं आणि मारिसेलाच्या मागोमाग बाहेर आली.

"अगं बाई, तू त्याला एकदाच विचारतेस?"

"नको म्हणतात ना ते."

"पहिलं नको म्हणजे नको असतं का! दुसऱ्यांदा विचारायचं. मग म्हणतील, केलेलीच असेल तर. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतील, अर्धा कप. मग अख्खा भरायचा."

"आणि हे सगळ्यांना माहीत असतं?"

"मग? तुमच्या टेक्सासात काय करतात?"

"हवी असेल तर हो म्हणतात."

"इतकं उघड उघड?" बेव्ह म्हणाली. "अकरा दिवस म्हाताऱ्याला कॉफी नाही दिलीस! आणि तक्रार?"

"एक शब्द नाही."

"म्हणजे चांगलाच वैतागला असणार."

दुपारी मारिसेलाने पहिल्या चाचणीचा कागद पुन्हा काढला. पक्षाघाताने भाषा गेलेल्या माणसाच्या चुका विखुरलेल्या असतात. एक उत्तर फार चढं, एक फार उतरतं, एक भलतंच. हालवोरची अकराच्या अकरा उत्तरं एकाच दिशेने चुकली होती. प्रत्येक ठिकाणी तो एक पायरी खाली थांबला होता.

दुसऱ्या दिवशी तिने कॉफी तीनदा विचारली आणि कप काठोकाठ भरला. हालवोरने एक घोट घेतला.

"कशी झालीय?"

"वाईट नाही."

हे या भागातलं सर्वात मोठं कौतुक आहे, हे तिला आता बेव्हकडून कळलं होतं.

फेरचाचणीच्या दिवशी तिने एकच सूचना जास्त दिली. "मिस्टर ट्वेट, गावचं उत्तर नको. पुस्तकातलं द्या."

"असं होय. मग आधीच सांगायचं होतं." त्याने पेन उचललं. भयंकर. द्वेष. बर्फासारखं. अक्षर डाव्या हाताचं, वाकडं, पण शब्द बरोबर.

"हे सगळे शब्द येत होते तुम्हाला?"

"येतात की. पण असं कुणी बोलतं का? उद्या पुन्हा त्याच माणसांना तोंड दाखवायचं असतं."

एकोणीस उत्तरं बरोबर होती. एक जागा कोरी होती. गजबजला जसं गोंगाट, तसं शांतला काय?

"हा नाही येत?"

"येतो."

"मग?"

"राहू दे. चौदाच लागतात ना?"

चौदाच लागत होते. मारिसेलाने एकोणीस लिहिले. मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, "घरी एकटं कसं वाटतं तुम्हाला?"

"थोडं शांत असतं."

तिने विचारलं, "किती थोडं?"

"बऱ्यापैकी थोडं," हालवोर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

घरी सोडायच्या अर्जावर त्यासाठी रकाना नव्हता. गुण पुरेसे होते, घरी जायची त्याची इच्छा होती, नियमही त्याच्या बाजूने होता. तिने सही केली. पण त्याआधी टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

"समजा, पुन्हा पडलात. मी ९११ आहे. बोला."

"जरा पडलोय."

"जरा?"

"पडलोय."

"मग?"

"जमलं तर..."

"मिस्टर ट्वेट!"

त्याच्या कपाळावर घाम आला. बर्फाच्या वादळात गाडी चालवतानाही तो इतका अवघडला नसेल. सातव्या प्रयत्नाला तो, भिंतीकडे तोंड करून, म्हणाला, "मला मदत हवी आहे. लगेच या."

"रोज चार वाजता हे मोठ्याने तीनदा म्हणायचं. हा गृहपाठ."

"लोक ऐकतील."

"कोण ऐकणार आहे?" मारिसेला बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. हालवोरने मात्र हा मुद्दा रास्त असल्यासारखी मान हलवली.

फेब्रुवारीच्या अखेरीला बेव्हने त्याला गाडीने घरी सोडलं. शेजारच्यांनी अंगण साफ करून ठेवलं होतं. ओट्यावर ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं झाकलेलं भांडं होतं, चिठ्ठीवर नाव नव्हतं. बेव्ह गेली. हालवोरने कॉफी केली, सवयीने दोन कपांची, आणि दुसरा कप तसाच किटलीत राहू दिला.

पावणेचारला फिनिक्सहून फोन आला.

"बाबा, पोचलात? कसं वाटतंय?"

"थोडं शांत आहे."

"किती छान! इथे शेजारी सकाळपासून भिंत फोडतोय. जरा विश्रांती घ्या आता."

"हो, घेतो."

"मला वाटलं होतं तुम्हाला कठीण जाईल. आता माझी काळजी मिटली."

हालवोरने फोन दुसऱ्या कानाला लावला. "उन्हाळ्यात येणं होईल का तुझं?"

"बघते हं बाबा. कामाचा फार रेटा आहे. तुम्हाला काही हवंय का तिकडे?"

"नको, नको. उगाच कशाला तसदी."

तो थांबला. सिग्ने वाढली याच स्वयंपाकघरात. तिने पुन्हा विचारण्यापुरता वेळ त्याने जाऊ दिला.

"बरं मग," सिग्ने म्हणाली. "ठेवू?"

"ठेव. आणि घाई नाही. जमलं तर ये."

त्याने भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर परत अडकवला. घड्याळात चार वाजत होते. गृहपाठाचा कागद मारिसेलाने ठळक अक्षरांत लिहून दिला होता, तो त्याने साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्मा लावला आणि घसा खाकरला.

"मला मदत हवी आहे," तो स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाला. "लगेच या."

दुसऱ्यांदा आवाज जरा मोकळा झाला.

तिसऱ्यांदा त्याने कागदाकडे पाहिलं नाही. फोनकडे पाहत तो म्हणाला, "लगेच ये."