आडवं पातं

दिपाली श्रीगोंद्याची. तिकडं पाणी म्हणजे उसाच्या सरीत सोडतात तेवढंच. मी भंडारदऱ्याच्या काठची. आमचे आबा पर्यटकांना होडीतून फिरवतात, आणि मी चालण्याआधी वल्हवायला शिकले असं आई सांगते. तरी आमच्याच काठावर भरलेल्या रोइंगच्या शिबिरात प्रशांत सर सगळ्यांना सांगायचे, "दिपालीचं पातं बघा." तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

पातं म्हणजे वल्ह्याचं चपटं टोक. पाणी लोटून झालं की ते बाहेर काढायचं, आडवं करायचं, पाण्यालगत सपाट न्यायचं आणि बुडवायच्या आधी पुन्हा उभं करायचं. मनगट वाकवायचं नाही, दांडा नुसता बोटांत फिरवायचा. आबांच्या होडीत वल्हं मुठीत आवळून धरतात आणि पातं कायम उभं. माझ्या मुठीला तेवढंच ठाऊक. दिपालीला तर काहीच ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "मूठ सैल सोड, बोटांनी वळव," तर ही म्हणते, "लग्नाला गव्हले वळत्यात तसं का, सर?" आणि चिमटीत कणकेचे बारीक दाणे वळणारी तिची बोटं दांड्यावर तशीच फिरली. गव्हले मीही वळलेत, आईच्या मांडीला मांडी लावून. मला का नाही सुचलं, याचा रागही मला तिचाच आला.

राज्य स्पर्धेला एकेरी होडीत एकच मुलगी जाणार होती. आम्हा दोघींत चाचणी ठरली, सकाळची. सकाळी धरणाचं पाणी संथ असतं आणि त्यावरून तिची पाती कशी सरसर जातात ते मी रोज बघत होते, जळत होते. दुपारी मात्र डोंगरावरून वारा उतरतो. माझा जन्म त्या वाऱ्यात गेला. पाटाच्या पाण्याची ही पोरगी लाटा बघूनच गांगरेल, असा मी हिशेब केला आणि सरांकडे गेले.

"सर, सकाळी धुकं असतंय. दुपारी ठेवा."

सर हो म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पैलतीराकडं आम्ही बरोबरच सुटलो. निम्म्यापर्यंत मी पुढं होते. मग वारा आला. होडीत आपण उलटं तोंड करून बसतो, त्यामुळं पाठीवर आलेला वारा खरं तर समोरचाच. पाण्याबाहेर काढलं की माझं उभं पातं तो अडवायचा, हात पुढं जाईनात. आबांच्या वजनदार होडीत कधी घाई नसते, तिथं हे जाणवलंच नव्हतं. दिपालीची पाती वाऱ्याखालून सपाट जात होती. ती माझ्या बरोबरीला आली, पुढं गेली. मला राहवलं नाही. घाईनं मीही दांडा फिरवला, पातं अजून पाण्यात असतानाच. ते खाली ओढलं गेलं, दांडा माझ्या बरगडीवर आदळला आणि होडी जागच्या जागी थांबली.

पैलतीर गाठून ती परतली आणि सरळ किनाऱ्याला न जाता माझ्याजवळ थांबली.

"लागलं का गं?"

"न्हाई."

"सर म्हनले, दुपारची येळ तूच मागितलीस. लई बरं केलंस बघ. सकाळच्या गप पान्यात मी तुला गाठलंच नसतं. तुझ्या हातात लई जोर हाय, ज्ञानेश्वरी."

टोमणा मारला असता तर मी भांडले असते. पण ती मनापासून बोलत होती. दोघी किनाऱ्याकडं निघालो. वारा आता आमच्या बाजूनं होता, आणि मला त्याचा काही उपयोग नव्हता.